आरशातली क्षीरोदा

"तीळ डाव्या गालावर होता माझ्या लेकीच्या," म्हातारी हळूच म्हणाली.

श्राद्धाची पंगत नुकतीच उठली होती. कलकत्त्याच्या मित्तिरबाबूंच्या दिवाणखान्यात त्यांच्या मेलेल्या बायकोची, क्षीरोदाची, तसबीर हार घालून टांगली होती, आणि समोर कृष्णनगरहून आलेली तिची विधवा आई उभी होती. तसबिरीतला तीळ उजव्या गालावर होता. ती रंगवणारा निबारण पाल जवळ जाऊन बघू लागला.

चूक त्याला तिथल्या तिथे उमगली. परक्या पुरुषाने घरच्या सुनेचं तोंड बघायचं नाही, म्हणून सासूबाईंनी तोड काढली होती: सून पडद्याआड बसेल, तिच्यासमोर आरसा ठेवू, चिताऱ्याने आरशात बघून रंगवावं. धर्मही सांभाळला, तसबीरही झाली. निबारणने दिसलं ते तंतोतंत उतरवलं. आरसा डाव्याचं उजवं करतो, एवढी साधी गोष्ट तीस वर्षं कुंचला धरलेल्या माणसाला सुचू नये, याची त्याला आता मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

तो बाबूंकडे गेला. दोन दिवस तसबीर द्या, तीळ हलवून आणतो, म्हणाला.

"काही गरज नाही," बाबू म्हणाले. "नऊ वर्षं संसार केलाय मी. उजवीकडेच होता."

निबारण मागे वळला. थोरामोठ्यांच्या घरात दिवसाउजेडी बायकोकडे बघणं म्हणजे निर्लज्जपणा. बाबू आतल्या महालात जायचे ते अंधार पडल्यावरच. त्यांना बिचाऱ्यांना तरी काय ठाऊक असणार?

तो परतला तेव्हा म्हातारी तिथेच होती. लग्नानंतर लेक तिला दोनदाच भेटली होती, आणि उद्या सकाळी तिची होडी सुटायची होती.

"ही ती नाही रे बाबा," ती म्हणाली. रागावली नव्हती, त्याचंच त्याला वाईट वाटलं.

निबारणने दासीकडून तोच आरसा मागवला. म्हातारीला तसबिरीकडे पाठ करून उभं केलं आणि आरसा तिच्यापुढे धरला. तिच्या खांद्यावरून आरशात क्षीरोदा दिसली. तीळ जागच्या जागी होता.

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग काचेतल्या गालावर तिने बोट टेकवलं.

"जेवलीस का गं?" तिने विचारलं.

निबारणचे हात भरून आले होते, पण आरसा त्याने खाली ठेवला नाही.