कोपऱ्यातला लाल धागा

निजामी सरली, सोसायट्यांचे दिवस आले, आणि तीर्थपुरीच्या घोंगडीवाल्यांनीही आपली एक सोसायटी काढली. नवीन जालन्यातला बद्रीनाथ शेठ आजवर एकेकाला गाठून म्हणायचा, "तुझा शेजारी याहून स्वस्त देऊन गेला," आणि जो तो मुकाट भाव पाडायचा. आता माल एकत्र, भाव एक. पहिल्याच हंगामात शेठची मखलाशी बंद पडली.

त्यांच्यातल्याच कारभारी नावाच्या विणकराला सगळं पटलं, एक सोडून. घोंगडीच्या कोपऱ्यात ज्या त्या घराची खूण विणायची चाल सोसायटीने मोडली. त्याच्या घरची खूण लाल धागा, आज्यापासूनची. ती सोडणं त्याच्या जिवावर आलं.

"कोणती कुणाची, कळूच द्यायचं न्हाई," चिटणीस राधाकिसन म्हणाला. "कळलं की शेठ आपल्याला पुन्हा येगळं काढतो."

कारभारीने मान डोलावली आणि घरी येऊन लाल धागा विणलाच. बायकोने, आशाबाईने, ते पाहिलं.

"हे काय करून राह्यले? समद्यांम्होरं हो म्हनलात ना?"

"कोन बघतंय."

अहो, शेठ बघत होता! घोंगड्या उलटून पाहण्यातच त्याचा जन्म गेलेला. लाल धागा ओळखून त्याने कारभारीला दुकानी बोलावलं, गादीवर बसवलं, चहा पाजला. "तुमच्या हाताची सर कुणाला हाये? सरळ माझ्याकडं आणा, भाव ज्यादा देतो."

झालं, गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्याने सोसायटी सोडली. मग शेठने दुसऱ्याला फोडलं, तिसऱ्याला फोडलं, आणि सोसायटीच्या खोलीला कुलूप लागलं. राधाकिसन भांडला नाही, नुसता तोंड फिरवायचा. चार शिव्या दिल्या असत्या तर कारभारीला बरं वाटलं असतं.

पुढच्या थंडीआधी तो ओझं घेऊन गेला, तेव्हा शेठने बसा म्हटलं नाही. भाव सांगितला तो सोसायटीच्याही आधीचा.

"शेठ, खूण तर बघा. माझ्या हातची हाये."

शेठने मागच्या थप्पीतून एक घोंगडी ओढली. कोपऱ्यात लाल धागा. दुसरी ओढली, तिच्यातही तोच.

"गिऱ्हाईक लाल धागाच मागतं, म्हणून समद्यांनाच घालायला लावला. ही राधाकिसनची. तुमच्याहून स्वस्त देऊन गेला."

कारभारीने ती उलटीसुलटी केली. कुठे काही कमी नव्हतं. शेठ म्हणाला त्या भावाला ओझं टाकून तो घरी आला.

आशाबाई मागावर नवा ताणा लावत होती. "लाल धागा काढून ठेवू का?" तिने विचारलं.

"ठेव," तो म्हणाला. "त्याच्याबिगर शेठ घेत न्हाई."