पहिलं पाऊल मागे

आमच्या घरातल्या दत्तात्रय नावाच्या गृहस्थांना लाठीचं वेड होतं. नाव घेताना उखाणा सुचत नाही, म्हणून तसंच लिहिते. बँकेने कलकत्त्याला बदली केली तेव्हा माझ्या भांड्यांच्या पेटीआधी ह्यांच्या लाठ्या बांधून तयार होत्या. तिथे बेहाला भागात घर घेतलं तेही समोर मैदान आहे म्हणून. नळाला पाणी येतं का, हे मी विचारेपर्यंत भाडं ठरलेलं होतं.

दर रविवारी सकाळी हे त्या मैदानावर पाड्यातल्या, म्हणजे आमच्या आळीतल्या, पोरांना लाठी शिकवत. पोरं सगळी बंगाली, आणि त्यांच्यात आमचा श्रीकांत. ह्यांना ती 'मास्टरमोशाय' म्हणत. आज्ञा मात्र मराठीत, कारण साताऱ्याच्या तालमीत हे तशाच शिकले होते. पहिला धडा 'मागे'. डावा पाय मागे, टाच उचललेली, उजवा हात कपाळासमोर. हा पवित्रा पोरांच्या अंगात असा मुरला होता की रस्त्यात कोणी गंमत म्हणून 'मागे' ओरडलं तरी भाजीची पिशवी घेतलेला पोरगा तसाच्या तसा उभा राहायचा.

"मारणाऱ्याला मारण्यापलीकडे काही सुचत नाही," हे म्हणत. "मागे सरलेल्याला चार गोष्टी सुचतात."

घरातही हेच तत्त्वज्ञान. घरमालक चढ्या आवाजात बोलला, हे मागे. साहेबाने बढती डावलली, हे मागे. मी भांडायला पदर खोचून उभी राहिले की हे शांतपणे एक पाऊल मागे घेत, आणि मी मूर्खासारखी भिंतीशी भांडत राही. अशा माणसाशी संसार करणं म्हणजे पाण्यात काठी मारणं.

श्रीकांत माझ्यावर गेलेला. कॉलेजात जायला लागल्यापासून त्याच्या बोलण्यात आग होती. तो आणि ह्यांचा दुसरा लाडका शिष्य निमाई सोबत वाढलेले. निमाई लेथच्या छोट्या कारखान्यात कामाला होता. वडील नव्हते. रविवारी वर्ग सुटला की माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून विचारायचा, "काकीमा, थालीपीठ आहे?"

"बाबा, 'पुढे' कधी शिकवणार?" श्रीकांतने एकदा सगळ्यांसमोर विचारलं.

"पुढे जायला शिकवावं लागत नाही," हे म्हणाले. "ते जो तो आपला आपण जातो."

पोरं हसली. निमाई सगळ्यात जास्त हसला.

ते एकाहत्तर साल. भिंती नक्षलवाद्यांच्या घोषणांनी भरलेल्या, कॉलेजं बंद, बॉम्बचा आवाज आला की बायका गॅलरीतले कपडे काढून घ्यायच्या आणि पुन्हा पोळ्या लाटायला बसायच्या. भिंतींवरच्या काही घोषणा श्रीकांतच्या अक्षरात होत्या. मला ठाऊक होतं, पाड्याला ठाऊक होतं. पोलिसांना कळलं की संपलं. उचललेली पोरं कधी परत यायची, कधी नाही. निमाईच्या मोठ्या भावाला उचललं होतं आणि तो कुठे आहे हे त्याच्या आईला कोणी सांगत नव्हतं.

थंडीतल्या एका सकाळी दूधवाला आलाच नाही. दार उघडलं तर गल्लीच्या दोन्ही टोकांना शिपाई. घराघरातून तरुण पोरं बाहेर काढली आणि आमच्याच मैदानावर रांगेत उभी केली. श्रीकांत चपला न घालता गेला. वयस्कर पुरुषांना गोलपोस्टजवळ बसवलं, त्यात हे. आम्ही बायका खिडक्यांत.

मग जीपमधून एकाला उतरवलं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत घोंगडी, डोळ्यांपुरती भोकं. तो रांगेसमोरून चालायला लागला. ज्याच्यासमोर मान हलवील, त्याला शिपाई व्हॅनकडे ढकलत. दोघं गेले. त्यातल्या एकाची आई माझ्या शेजारच्या खिडकीत होती. ती नुसती खाली बसली.

घोंगडी श्रीकांतसमोर येऊन थांबली. बराच वेळ थांबली.

मी देवाचं नाव घ्यायचा प्रयत्न केला, तेही आठवेना. श्रीकांतचा खांदा वर गेलेला मला दिसला. लहानपणापासून हा पोरगा अंगावर धावून जायच्या आधी खांदा उचलतो. आता हा त्या घोंगडीवर झेपावणार, आणि बंदुका दहा हातांवर. माझ्या हातात खिडकीचे गज होते, दुसरं काही नव्हतं.

तेवढ्यात गोलपोस्टकडून ह्यांचा आवाज आला. रविवारचाच आवाज, ना वर ना खाली.

"मागे."

श्रीकांतचा पाय मागे गेला. त्याच्यासोबत रांगेतल्या सगळ्या शिष्यांचा गेला. डावा पाय मागे, टाच उचललेली, उजवा हात कपाळासमोर.

आणि घोंगडीतल्या माणसाचाही गेला.

शिपायांना काही समजलं नाही. एकाने "क्या तमाशा है" म्हणून ह्यांच्या पाठीत दंडुका घातला. पण रांगेला समजलं, आणि खिडक्यांनाही. घोंगडीतून वर आलेला तो हात थालीपीठ घ्यायला पुढे झालेला मी किती वेळा पाहिला होता. हात हळूच खाली गेला. घोंगडी पुढे चालू लागली आणि त्यानंतर तिने कोणासमोरही मान हलवली नाही.

श्रीकांत घरी आला. मी त्याला धरून इतकी रडले की त्याचा सदरा भिजला. हे खुर्चीत बसून होते. पाठीचा वळ शेकायला गेले तर म्हणाले, "शकुन, मी पोराला अडवायला म्हटलं गं. तो आत असेल हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. ते अगदी खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

दुपारी आम्ही दोघं निमाईकडे गेलो. त्याला सोडून दिलं होतं. तो पायरीवर बसला होता, आई आत भात शिजवत होती.

"दादाला सोडू म्हणाले, काकीमा," तो माझ्याकडेच बघून बोलला. "सोडलं नाही."

हे म्हणाले, "इथली पोरं आता तुला सोडायची नाहीत. शहराच्या दुसऱ्या टोकाला, डमडमला, श्यामराव म्हणून माझे मित्र आहेत. आजच जा. मी चिठ्ठी देतो, पोचवायलाही येतो."

"आणि दादा आला तर? घरात आई एकटी." मग त्याने ह्यांच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता. "मास्टरमोशाय, मागे सरायला मागे जागा लागते."

चार गोष्टी सुचणारा माणूस माझ्याशेजारी चिठ्ठीसाठी काढलेलं पेन पुन्हा खिशात ठेवत होता. त्या क्षणी मला ह्यांचा इतका राग आला, आणि इतकी कीवही.

रविवारी निमाई मैदानावर आला. लाठी घेऊन, वेळेवर, रांगेतल्या आपल्या जागी. बाकीची पोरंही आली होती. कोणी त्याला शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. फक्त सगळी एकेक करून मागे सरली. त्याच्याभोवती लाठीभर मोकळी जागा झाली. आमचा श्रीकांतही सरला.

हे बघत राहिले. मग म्हणाले, "श्रीकांत, पुढे."

श्रीकांत मान खाली घालून उभा.

"पुढे," हे पुन्हा म्हणाले. ह्या वेळी आवाज फुटला. कोणाचाही पाय हलला नाही. हे स्वतःच त्या मोकळ्या जागेत गेले आणि निमाईच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. पोरं एकेक करून घरी गेली. शेवटी निमाई वाकून ह्यांच्या पाया पडला, लाठी गवतात ठेवली आणि निघाला. त्या दिवशी तो थालीपीठ मागायला आला नाही. मी केलं होतं.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी निमाईची आई आमच्या दाराशी आली. तो कारखान्यातून घरी आला नव्हता, आदल्या दिवसापासून. तुमच्याकडे आहे का, एवढंच तिला विचारायचं होतं. माझ्या मागे श्रीकांत आतल्या खोलीत कंदिलाची काच पुसत बसला होता, आणि तिला तो दिसत होता.

मी तिचा हात धरायला पुढे झाले. ती एक पाऊल मागे सरली.