तीन तासांचा ठपका

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कुणाचाच बसलेला नाही. खरी पृथ्वी दिवसाला एक गिरकी घेते. मी तासाला चाळीस घ्यायचो, आणि तरी मला कधी चक्कर आली नाही!

कारखान्यात एका कारागीर बाईंनी माझ्यावर सगळे समुद्र चिकटवले आणि फुंकर मारून वाळवले. तिथून मी विमानाची तिकिटं विकणाऱ्या काकांच्या टेबलावर आलो. काकांकडे वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक होतं, पण ते उघडण्यात काय मजा? ते माझ्यावर दोन विमानतळांमध्ये सुती दोरा ताणायचे, चिमटीत धरून पट्टीवर मोजायचे आणि किलोमीटर नि तास खाडकन सांगून मोकळे व्हायचे. भिंतीवरचा सपाट नकाशा आपला सरळ रेघ ओढून लांबचा रस्ता दाखवायचा. मी दोरा उत्तरेच्या बर्फावरून वळवून जवळची वाट काढून द्यायचो. "सगळं जग चुकेल, माझा गोल चुकणार नाही," काका छाती फुगवून म्हणायचे. ते ऐकून विषुववृत्ताशी माझा घेर बोटभर वाढायचा!

एके दिवशी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. दूरदेशी त्यांच्या धाकट्या भावाच्या हृदयाचं ऑपरेशन दोन दिवसांनी होतं.

"आत नेण्याआधी त्याला माझा चेहरा दिसला पाहिजे हो. आजच निघू, की उद्याचं विमान चालेल? हातात एका नवरीचा पोशाख अर्धा आहे."

काका दोरा शोधू लागले. सापडेना.

"अहो, माझ्याकडे दोऱ्याला काय तोटा?" म्हणत मावशींनी पिशवीतून बारीक पांढरा दोरा काढून दिला. घाईत कुणाच्याच लक्षात आलं नाही, की ते इलॅस्टिक होतं! माझ्यावर ते ताणलं गेलं, पट्टीवर जाताच आक्रसलं. चोवीस सेंटिमीटर!

"फक्त अकरा तास. उद्या निघा बिनधास्त," काका म्हणाले.

मी ओरडत होतो, 'काका, एकतीस भरतात! चौदा तास लागतील!' पण पुठ्ठ्याच्या गोलाचं कोण ऐकतं?

मावशी पोहोचल्या तेव्हा भावाला आत नेलं होतं. जाईपर्यंत तो दाराकडेच बघत होता म्हणे. तो वाचला, ही त्याची पुण्याई. पण परतल्यावर मावशी तडक दुकानात आल्या.

"तुमच्या भरवशावर राहिले हो मी!"

काकांनी टेबलावर तसंच पडलेलं इलॅस्टिक उचलून बोटांत ताणून पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी ते हळूच खिशात घातलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हा गोलच खोटा निघाला, ताई."

मित्रांनो, पंचवीस वर्षं ज्या हातांनी मला रोज पुसलं, त्याच हातांनी मला खोक्यात कोंबलं आणि तुमच्या शाळेला भेट म्हणून खपवलं. मी आतून पोकळ आहे. तरी त्या दिवशी आत काहीतरी दुखलं.

पण ऐका! परवाच काका इथे आले होते. या कपाटासमोर ढसाढसा रडले. माझ्यावरची धूळ पुसत म्हणाले, "माझंच चुकलं रे, गोलोबा!" म्हणून सांगतो मित्रांनो, आपली चूक मुक्या वस्तूंवर ढकलू नका, त्यांना जपा, त्यांची...

"खोटं!" पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची मुलगी ताडकन उभी राहिली. "ते काका म्हणजे माझे आजोबा! पाय मोडल्यापासून महिनाभर ते घराबाहेरच पडलेले नाहीत. आणि कालच जेवताना सांगत होते, की तो गोलच खोटा होता."