घटावरची विभूती

हिंमतरावांच्या घटावर विभूती उगवली आणि अख्खं बाणेर त्यांच्या फ्लॅटपुढे लोटलं. रांगेत सगळ्यात पुढे कोण, तर गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेले इंजिनिअर! आयटी आली, अक्कल वाटेतच राहिली.

नवरात्रात मातीत धान्य पेरून घट बसवतात, त्याला हिरवे कोंब येतात. हिंमतरावांनी मातीला गुळाचं 'तीर्थ' पाजून वर झाकण घातलं होतं, तिच्यावर पांढरी लव आली. "आईची विभूती हाय ही! छातीचे समदे रोग पळत्यात!" हे गृहस्थ निवडणुकीला उभे होते, हे वेगळं सांगायला नकोच. तोंडाला रुमाल बांधून ते लव खरवडायचे आणि वाळवून पुड्या वाटायचे. "देवाच्या वस्तूवर थुंकी उडू नये म्हणून केवढं सोवळं!" बायका कौतुकानं म्हणायच्या.

माझी धाकटी बहीण कुसुम दम्याची. आमचे वडील गेले तेव्हा तिरडीला पहिला खांदा हिंमतकाकांचा होता. ते म्हणाले, "पोरी, पंप सोड, चिमूटभर नाकानं वढ." माझ्याशी भांडून तिनं पंप सोडला.

दसऱ्याला ती दवाखान्यात होती, नाकाला ऑक्सिजन. डॉक्टर निशा सोमण यांनी पुडी बघून कपाळाला हात लावला. "अहो, बुरशी आहे ही! काही बुरश्या विष तयार करतात. आणि दमेकऱ्याच्या छातीत नुसती भुकटी गेली तरी जिवावर बेततं."

मी घरी दोन परातींत माती घालून धान्य पेरलं. एकीला बेताचं पाणी दिलं आणि खिडकी उघडी ठेवली. दुसरीला गुळाचं पाणी, वर झाकण. मंत्र एकही नाही. पहिलीत कोंब आले, दुसरीत विभूती!

कोजागरी आली तरी रांग हटेना. दोन्ही पराती मी रांगेपुढे मांडल्या.

"काका, तुमची आई न बोलावता माझ्याकडेही आली की हो."

"भक्ती लागती, भक्ती!"

"तुमची तर आहे ना? मग सोडा तो रुमाल आणि ही पुडी ओढून दाखवा."

काका दोन पावलं मागे सरकले. "नगं, नगं! मला दमा हाय!"

रांगेत कुणी हसलंसुद्धा नाही. मला मात्र सगळ्यांसमोर रडू फुटलं. म्हणजे या माणसाला सगळं ठाऊक होतं.

दवाखान्यात कुसुमनं एवढंच विचारलं, "काकांना माहीत होतं?"

"हो."

 तिनं पंपासाठी हात पुढे केला.

देव माना, नका मानू, तुमची मर्जी. पण असलं औषध कुणी दिलं, तर आधी त्यालाच म्हणा: तुम्ही घ्या.