अख्खा शिरपाव

निजामाच्या तहसीलदारसाहेबांना सिंदफणेच्या पुरातून घोड्यासकट ओढून काढलं, तेव्हापासून तेलगावचा आश्रुबा तापानं फणफणत पडला होता. म्हणून तालुक्याहून त्याच्या मानाचा शिरपाव घेऊन आला तो कापडवाला रेवणप्पा, त्याचा लहानपणचा मित्र. गाठोड्यात जरीचा फेटा, अंगरखा, धोतर आणि करकरीत जोडा. आश्रुबाचा ताप तिथंच निम्मा उतरला.

पण गडी मूळचा संशयी. देव पुढ्यात उभा राहिला, तरी हा आधी त्याचे पाय उलटे आहेत का ते बघेल. त्यानं धोतर उलगडलं, तर कोपऱ्यात रेवणप्पाच्या दुकानाची शाईची खूण. सरकारी शिरपावात हिचं काय काम? पाणी कुठंतरी मुरत होतं. सरकारी माल दाबून यानं दुकानातला टाकला, दुसरं काय!

अंगात जरा बळ येताच भर चावडीवर तो रेवणप्पाला चोर म्हणाला. रेवणप्पानं मान खाली घातली, एक शब्द बोलला नाही. आश्रुबाला तेवढा पुरावा पुरला. गावालाही पुरला; लोकांनी दुकानाची पायरी सोडली.

मग आश्रुबा अर्ज द्यायला तालुक्याला गेला. कचेरीतल्या म्हाताऱ्या मुनशीनं सगळं ऐकून चष्मा काढला.

"फारसीत सर म्हंजे डोकं, पा म्हंजे पाय. सरापा. त्याचाच तुमचा शिरपाव झाला. डोक्यापासून पायापर्यंत पोशाख. आमच्या आज्याच्या वक्ताला अख्खा द्यायचे. आता निस्ता फेटा देतात, नाव तेच हाय. तुमचा दुकानदारबी बाकीचं मागत बसलता. त्याला हेच सांगितलं, तर म्हणला, दोस्ताला अर्धा मान कावून न्यावा?"

आश्रुबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्ज तसाच खिशात घालून तो परतला आणि थेट दुकानात शिरला.

"चावडीवर बोलला कावून न्हाईस बे?"

"बोललो असतो, तर गाव म्हणलं असतं, सरकारनं आश्रुबाला निस्त्या फेट्यावर बोळवलं," रेवणप्पा म्हणाला. "तू आता गप ऱ्हा. लोक इसरत्याल."

आश्रुबानं त्याचं मनगट धरलं आणि ओढतच त्याला चावडीवर नेलं.

"सरकारनं मला निस्ता फेटा देला," तो जमलेल्यांना म्हणाला. "बाकी समदं, मी ज्याला चोर म्हणलो, त्यानं."