पंचशीलाची दाढ

लॉकडाऊन उठला तशी पंचशीलानं घरातल्यांची दवाखान्याची राहिलेली कामं उरकायला घेतली. लेकीची लस झाली, नवऱ्याची शुगर तपासून झाली. आज ती सासूचा, नागुबाईचा, मोतीबिंदू दाखवायला चाकूरहून लातूरला आली होती. तिची स्वतःची दाढ वर्षभर ठणकत होती. पण घरात कुणाला सुगावा लागला नाही, अशी तिची पक्की समजूत होती.

दवाखान्यात शिरताच नागुबाईनं मास्क खाली ओढून वॉचमनला विचारलं, "दाताचे डॉक्टर कुठं बसतेत?"

"आत्या, आपल्याला डोळ्याचे पायजेत," पंचशीला म्हणाली.

"आधी तुझी दाढ. कांदा कराकरा चावणारी तू, वर्षापासून भाकर कालवून गिळायलीस. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात हाय माय, कानात न्हाई!"