साठ मीटरवरचा डबा

मामांचा रिपोर्ट टेबलावर आला तेव्हा मी आधी मामांवरच चिडले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा होता आठ पूर्णांक चार. कंपनीचा नियम असा, की गोळ्या सुरू करून तीन महिन्यांत आकडा साडेसातच्या आत आला नाही, तर त्या माणसाला टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये बसता येत नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, "पथ्याचं सिस्टर सांगतील" म्हणाले आणि गाडीत बसले.

सिस्टर म्हणजे मी. बांधकामाच्या फाटकाजवळ पत्र्याची एक खोली, तोच माझा दवाखाना. बोटं चेचलेली, डोळ्यांत सिमेंट गेलेलं, असली माणसं दिवसभर येतात. मामा मात्र कधी आले नव्हते. चोपन्न वर्षांचा हा माणूस एकोणीस वर्षं क्रेन चालवत होता आणि साठ मीटरवरून खांब असा अलगद टेकवायचा, की खालच्याला हातही लावावा लागत नसे. सगळी साइट त्यांना मामा म्हणायची, म्हणून मीही.

मी त्यांना पाठ झालेलं सगळं सांगितलं. साखर बंद, भात अर्धा, भाजी दुप्पट, फळं खा, जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला. मामांनी शाळेतल्या मुलासारखी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांनी बिनसाखरेचा चहा घेतला, तोंड वाकडं करून, पण घेतला.

आठवडे गेले. दर सोमवारी मी बोटाला सुई टोचायची आणि यंत्र तेच ते दाखवायचं. दोनशे साठ. दोनशे अठ्ठेचाळीस. पुन्हा दोनशे साठ.

"मामा, कुठेतरी तोंड मारताय तुम्ही."

"आईशप्पथ नाही, सिस्टर."

"मग ही साखर काय आभाळातून पडते?"

न राहवून मी त्यांच्या घरी फोन लावला. मामी माझ्याहून तापलेल्या. "अहो, साखरेचा डबा शेजारी देऊन टाकलाय मी! पहाटे उठून भाजी करते, डाळ करते, आणि डबा जसाच्या तसा परत येतो. रात्री मग कढई पुसून खातात. काय करू, जाऊन भरवू?"

दुसऱ्या दिवशी मी मामांना धरलं. "डबा खात नाही, मग दिवसभर खाता काय?"

"तुम्हीच सांगितलंत ते. फळं." त्यांनी पिशवीतून संत्र्याच्या रसाचे तीन खोके काढले, नळीवाले. वर बिस्किटांचा पुडा. पुड्यावर गव्हाची ओंबी. "आणि ही गव्हाची. क्रीमची सोडली कधीच."

मी कपाळावर हात मारला. "मामा, चार संत्री पिळली की साखर सगळी खोक्यात येते आणि चोथा तिथेच राहतो. तो चोथाच तर साखरेला आवरतो! आणि ओंबीचं चित्र काय, कुणीही छापेल. पुड्यामागचं बारीक वाचा, यादीत दुसरं नाव साखरेचंच आहे."

मामा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "मग फळं खा म्हणताना सांगायचं होतं की, रस पिऊ नका म्हणून! आणि डबा डबा करताय, एकदा वर येऊन बघा. मग बोला."

मला राग आला, आणि रागाच्या भरात मी गेले. परवानगी काढली, पट्टे बांधले आणि शिडी चढायला लागले. विसाव्या मीटरला शिडी घट्ट धरून थांबले, चाळिसाव्याला देव आठवले. वर पोचायला मला पंचवीस मिनिटं लागली. मामांना पंधरा लागतात, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी.

केबिन आमच्या न्हाणीघराएवढी. एक खुर्ची, दोन्ही हातांशी दोन दांडे, पायांखाली काच. काचेतून माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. रेडिओ सारखा बडबडत होता: डावीकडे, अजून डावीकडे, थांब, सोड. दोन्ही हात गुंतलेले. डाळीचा डबा मांडायला मांडीशिवाय जागा नव्हती. जेवणाची सुट्टी अर्धा तास. उतरायला बारा मिनिटं, चढायला पंधरा. उरली तीन.

"आणि पाणी?" मी विचारलं.

मामांनी नजर वळवली. "पाणी प्यायलं की उतरावं लागतं. म्हणून घशाला कोरड पडली की रसाचा घोट घेतो."

जेवणानंतर पंधरा मिनिटं चाला, असं मी याच माणसाला सांगितलं होतं. तिथे धड दोन पावलं टाकायची सोय नव्हती. मी खाली उतरले. लाज वाटत होती आणि संताप येत होता. संताप नेमका कुणावर, तेही कळत नव्हतं.

साइट मॅनेजरकडे गेले. म्हटलं, "त्यांना जेवायला एक तास द्या. तेवढा वेळ दुसरा ऑपरेटर बसेल."

"सिस्टर, ऑपरेटर बदलताना क्रेन थांबली की दीडशे माणसं हातावर हात ठेवून बसतात. खायचं-प्यायचं त्यांनी आपलं बघावं. तुम्ही मलमपट्टीचं बघा."

मी लेखी अर्ज दिला. मग दुसरा. मग तिसरा. उत्तर एकाचंही आलं नाही.

तेव्हा मी आणि मामींनी फोनवरच एका हाताने खाता येईल असा डबा ठरवला. उकडलेली अंडी, उकडलेले चणे, काकडीच्या फोडी, मूठभर शेंगदाणे, एक अख्खं संत्रं सोलून. पाण्याची बाटली भरलेली न्यायची, रिकामी आणायची. त्यासाठी मामा दिवसातून एकदा जादा उतरायचे आणि मुकादमाच्या शिव्या खायचे. रात्रीचं जेवण सातला, भात वाटीभर, आणि नंतर मामी त्यांना ओढत फिरायला न्यायच्या. आकडे उतरायला लागले. दोनशे दहा. एकशे ऐंशी. एकशे पंचावन्न. त्या सोमवारी मामांनी यंत्र स्वतःच्या हातात घेऊन आकडा दोनदा वाचला.

तीन महिन्यांची चाचणी आली. सात पूर्णांक सहा.

एका दशांशाने घात केला. पहिले पाच आठवडे रसात गेले नसते तर आकडा केव्हाच आत आला असता, आणि ते माझ्यामुळे गेले होते. हे मी मॅनेजरला सांगितलं, हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले.

"नियम म्हणजे नियम," ते म्हणाले.

मामा खाली आले. हातात रेडिओ, अंगात पिवळं जाकीट, काम दुसऱ्याला इशारे देण्याचं. एकोणीस वर्षांचा हात आणि काम ते! माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पण खाली त्यांना बसायला बाक मिळाला, पूर्ण सुट्टी मिळाली, दिवसभर पायांना चाल मिळाली. पुढची चाचणी सहा पूर्णांक नऊ.

मधल्या काळात नवा ऑपरेटर एकेका खांबाला दुप्पट वेळ घेत होता आणि मजले मागे पडत चालले होते. मॅनेजर स्वतः माझ्या पत्र्याच्या खोलीत आले; मामा तिथे बाकावर बसले होते. "मामा, उद्यापासून वर."

मामा बाकावरून उठलेही नाहीत. "जातो. जेवायला एक तास."

"हे काय नवीन?"

"नवीन कुठे? सिस्टरनी तीनदा लिहून दिलंय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "ठीक आहे. एक तास."

मामींचा संध्याकाळी फोन आला, हसत होत्या. मलाही हसायला हवं होतं. पण आत कुठेतरी जळत होतं. माणसाची साखर चढली तेव्हा कुणाला तास सापडला नाही आणि मजले अडले की लगेच सापडला. मी तीन कागद खरडले त्यांचं वजन शून्य.

सकाळी मी चौथा कागद घेतला आणि साइटच्या मागच्या बाजूला दुसरी क्रेन आहे, तिच्यावरच्या दोघांची नावं त्यात घातली. एक जण चौतीस वर्षांचा आहे, गोळी नाही तरी आकडा सहा पूर्णांक तीन, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

मॅनेजर वाचून म्हणाले, "आता सगळ्यांनाच तास हवाय का?"

"हो," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसले.